पोच आणि पूर्तता

परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरून विद्यार्थी ‘सबमिट’चे बटण दाबतो, तेव्हा पडद्यामागे एकच काम होत नसते. माहिती तपासून डेटाबेसमध्ये नोंदवायची, जोडलेला फोटो लहान करायचा, अर्जाची पीडीएफ तयार करायची, पावतीचा ईमेल धाडायचा, मोबाइलवर एसएमएस पाठवायचा, महाविद्यालयाच्या यादीत नाव चढवायचे, अशी पाच-सहा कामे त्या एका बटणाला बांधलेली असतात. पहिले काम सेकंदाच्या काही शतांशांत उरकते. बाकीच्यांना मिळून दोन-तीन सेकंद सहज लागतात, आणि ईमेलची सेवा त्या दिवशी सुस्तावली असेल तर तीससुद्धा. सरळसोट लिहिलेला प्रोग्रॅम ही सगळी कामे एकामागून एक करतो आणि शेवटचे संपल्यावरच विद्यार्थ्याला उत्तर देतो. यावर रूढ उपाय असा, की वेळखाऊ कामे ‘बॅकग्राउंड’ला टाकायची; अर्ज नोंदवून लगेच उत्तर द्यायचे आणि उरलेले मागाहून करायचे. उपाय योग्यच आहे, पण ‘त्याने साइट वेगवान होते’ हे त्याचे समर्थन अपुरे आहे. त्याने एकही काम वेगवान होत नाही. फोटो लहान करायला जेवढा वेळ लागत होता तेवढाच लागतो. बदलतो तो सर्व्हरचा शब्द. पूर्वी तो ‘काम झाले’ असे सांगत होता, आता ‘काम माझ्याकडे आले, ते पुरे करणे माझ्याकडे लागले’ असे सांगतो. तो शब्द पाळण्याची व्यवस्था उभी केलेली नसेल, तर वाचवलेले दोन सेकंद फार महाग पडतात.

आधी त्या दोन सेकंदांची किंमत पाहू. माणूस संगणकाच्या उत्तराची किती वाट पाहू शकतो, याचा विचार रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालच्या एका निबंधात केला होता. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी त्यातून तीन सोप्या मर्यादा मांडल्या. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते तत्काळ आल्यासारखे वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. लक्ष उडालेला माणूस पुन्हा बटण दाबतो, पान रिफ्रेश करतो, आणि एकाच अर्जाच्या दोन रिक्वेस्ट तयार होतात. पण ताटकळणाऱ्या माणसाच्या त्रासाहून मोठे नुकसान त्याच्या मागे असलेल्यांचे होते. रांगेच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाला आत लागणारा सरासरी वेळ यांचा गुणाकार म्हणजे कोणत्याही क्षणी आत असणाऱ्यांची सरासरी संख्या. सेकंदाला २० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येकीला ०.१ सेकंद लागत असेल, तर सरासरी दोनच प्रोसेस गुंतलेल्या राहतात. तेच काम अडीच सेकंदांचे झाले की ५० प्रोसेस अडकतात. सर्व्हरवर आठच चालू असतील, तर ज्याला फक्त वेळापत्रकाचे पान पाहायचे आहे तोही दाराबाहेर उभा राहतो. एकाच्या ईमेलसाठी सगळ्यांचा खोळंबा होतो, तो असा.

‘मग सर्व्हर वाढवा’ हा पहिला आक्षेप. पैसा असेल तर पन्नास प्रोसेस चालवता येतात, हे खरे. परंतु त्या अडीच सेकंदांतला बराचसा वेळ आकडेमोडीचा नसून दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहण्याचा असतो. ती दुसरी सेवा ३० सेकंदांवर गेली की त्याच नियमाने ६०० प्रोसेस लागतील, आणि ती कधी किती मंदावेल हे आपल्या हाती नाही. म्हणजे वापरकर्त्याच्या रिक्वेस्टला बाहेरची सेवा बांधणे म्हणजे तिच्या सर्वांत वाईट दिवशीचा वेग आपला करून घेणे. त्यातच मधल्या पातळीवरच्या व्यवस्था हवे तितके थांबत नाहीत. इंजिनएक्स हा प्रचलित वेब-सर्व्हर मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आले नाही, तर मूळ सेटिंगनुसार संबंध तोडतो. पायथनमधल्या अनेक साइट ज्यावर चालतात तो गनिकॉर्न ३० सेकंद गप्प राहिलेली प्रोसेस मारून टाकतो. विद्यार्थ्याला चूक झाल्याचा संदेश दिसतो, आणि आत अर्ज नोंदवला गेलेला असू शकतो. जास्तीचे यंत्र विकत घेऊन ही विसंगती मिटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. आजच्या भाषांमध्ये वाट पाहणे स्वस्त झाले आहे. २००९ मध्ये आलेल्या नोड-जेएसने एकाच प्रोसेसमध्ये हजारो संबंध उघडे ठेवण्याची रीत लोकप्रिय केली, पायथनमध्येही तशी सोय आली. मग ईमेलचे काम तिथल्या तिथे सुरू करून द्यावे, उत्तर ताबडतोब पाठवावे आणि काम आपले आपण संपू द्यावे; वेगळी रांग हवी कशाला? वाट पाहण्याच्या खर्चापुरता हा युक्तिवाद मान्य करायला हवा. मात्र फोटो लहान करण्यासारखे प्रोसेसर राबवणारे काम अशा रचनेत आले, की सगळे संबंध सांभाळणारा एकच धागा अडतो आणि बाकीचे सगळे थांबतात. त्याहून गंभीर अडचण अशी, की सुरू करून दिलेले काम फक्त त्या प्रोसेसच्या स्मृतीत असते. प्रोसेस मेली की ते गेले, आणि कुठे नोंदही राहिली नाही. प्रोसेस मरणे ही क्वचितची दुर्घटना नव्हे. नवा कोड चढवताना दर वेळी जुन्या प्रोसेस बंद होतात. कुबरनेटीस ही व्यवस्था बंद होण्याची सूचना दिल्यावर मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबते आणि मग जबरीने बंद करते. दिवसातून चार वेळा कोड बदलणारी संस्था दिवसातून चार वेळा असे अर्धवट काम हरवू शकते. हरवलेला ईमेल कुणाच्या नजरेस येत नाही, कारण ज्याला तो यायचा होता त्याला तो येणार होता हेच ठाऊक नसते.

म्हणून शब्द देण्याआधी तो टिकाऊ जागी लिहून ठेवावा लागतो. तहसील कार्यालयाच्या आवक खिडकीवरचा कारकून अर्जावर निर्णय देत नाही. तो अर्ज रजिस्टरात चढवतो, आवक क्रमांक टाकतो आणि शिक्का मारलेली प्रत परत देतो. क्रम महत्त्वाचा आहे: नोंद आधी, शिक्का नंतर. वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये रजिस्टराची जागा रांग घेते, आणि त्या रांगेतून एकेक काम उचलणारी स्वतंत्र प्रोसेस म्हणजे वर्कर. गिटहबच्या सुरुवातीच्या काळात ही गरज ठळकपणे दिसली. प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात त्या या साइटवर कोडचे गठ्ठे बांधणे, आलेख काढणे, शोधसूची अद्ययावत करणे, इतर सेवांना वर्दी देणे अशी सुमारे ३५ प्रकारची कामे पडद्यामागे चालत. अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस, स्टार्लिंग, डिलेड जॉब अशा तयार व्यवस्था त्यांनी एकेक करून वापरून पाहिल्या. अखेर सहसंस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘रेस्क्यू’ ही स्वतःची व्यवस्था जाहीर केली. तिच्यात वर्कर प्रत्येक कामासाठी एक उप-प्रोसेस जन्माला घालतो. काम बिघडले, स्मृती फुगली, तर ती उप-प्रोसेस मरते आणि मूळ वर्कर शाबूत राहतो. काम अपयशी होणारच हे तिथे गृहीत धरलेले होते, आणि किती अपयशी झाली हे दाखवणारे पान सोबत दिलेले होते. रेस्क्यूची खरी शिकवण वेगात नाही, या गृहीतकात आहे.

नोंद कुठे करायची हा पुढचा प्रश्न, आणि इथे चुकीची निवड बराच काळ लपून राहते. अर्ज एका डेटाबेसमध्ये आणि रांग रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात असेल, तर दोन्हींकडे लिहिणे एकाच झटक्यात होत नाही. अर्ज नोंदवला आणि रांगेत टाकण्यापूर्वी प्रोसेस मेली, तर अर्ज आहे पण त्याची पावती कधीच जाणार नाही. उलट क्रम ठेवला तर वर्कर इतक्या चपळाईने काम उचलतो, की अर्ज अजून डेटाबेसमध्ये पक्का झालेलाच नसतो आणि ‘असा अर्ज नाही’ म्हणून काम फसते. यावर भरवशाचा मार्ग म्हणजे अर्ज आणि ‘पावती पाठवायची आहे’ ही नोंद एकाच डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात लिहायची. दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील. डेटाबेसलाच रांग बनवू नये, असा सल्ला पूर्वी दिला जाई, आणि त्याला आधार होता. अनेक वर्कर एकाच ओळीवर कुलूप मिळण्याची वाट पाहत बसत. पोस्टग्रेसने जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीत कुलूपबंद ओळ ओलांडून पुढची उचलण्याची सोय दिली आणि तो आक्षेप बराच बोथट झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८ या वेब-चौकटीने तर डेटाबेसमधली रांगच नव्या अ‍ॅप्लिकेशनसाठी मूळ निवड केली.

नोंद टिकली म्हणजे काम नेमके एकदाच होईल, असे मात्र नाही. वर्करने ईमेल पाठवला आणि ‘झाले’ अशी खूण करण्याआधीच तो मेला, तर रांगेच्या दृष्टीने काम बाकीच आहे आणि दुसरा वर्कर तो ईमेल पुन्हा पाठवणार. खूण आधी केली तर उलटा धोका: खूण आहे, ईमेल नाही. दुवा तुटू शकत असेल तर दोन टोकांना एकमेकांची पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही, हा संगणकशास्त्रातला १९७५ पासून माहीत असलेला निष्कर्ष आहे. त्यामुळे ‘कदाचित एकदाही नाही’ किंवा ‘निदान एकदा’ यांतून एक निवडावे लागते, आणि शब्द पाळायचा तर दुसराच पर्याय उरतो. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये उचललेले काम मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद इतरांपासून लपवले जाते. तेवढ्यात ते संपल्याचे कळवले नाही तर ते पुन्हा दिसू लागते. पीडीएफला ४० सेकंद लागत असतील तर काहीही न बिघडताही ती दोनदा तयार होईल. काही व्यवस्था ‘नेमके एकदाच’ची हमी देतात, त्याचे काय? काफ्काने २०१७ मध्ये अशी सोय आणली, पण ती काफ्काच्या स्वतःच्या सीमेच्या आतली आहे. बाहेर गेलेला ईमेल तिला परत बोलावता येत नाही. तेव्हा उपाय कामाच्या रचनेतच हवा. तेच काम दुसऱ्यांदा झाले तरी परिणाम एकदाच झाल्यासारखा राहिला पाहिजे. ‘शिल्लक रकमेतून ५०० वजा करा’ ऐवजी ‘अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचे ५०० वजा झालेले नसतील तरच करा’ असे लिहिले की पुनरावृत्ती निरुपद्रवी ठरते. स्ट्राइपसारख्या पैसे स्वीकारणाऱ्या सेवा प्रत्येक रिक्वेस्टसोबत असा वेगळा क्रमांक पाठवण्याची सोय देतात, ती यासाठीच.

पुन्हा प्रयत्न करण्यालाही शिस्त लागते. या बाबतीत इंटरनेटवरची जुनी आणि अजून चालू असलेली शाळा म्हणजे ईमेल स्वतः. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी या नियमावलीत पत्र पुढच्या सर्व्हरने स्वीकारले की ते पोचवण्याची किंवा न पोचल्याचे कळवण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. या नियमावलीच्या २००८ सालच्या आवृत्तीनुसार दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा तास ठेवावा आणि साधारण चार-पाच दिवस तरी हार मानू नये. हार मानलीच तर पाठवणाऱ्याला कळवावे. बंद पडलेल्या सेवेवर दर सेकंदाला धडका मारणारे हजार वर्कर तिला सावरूच देत नाहीत, म्हणून दोन प्रयत्नांतले अंतर दर वेळी वाढवायचे आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळायची, म्हणजे सगळे एकाच क्षणी परतत नाहीत. १९७६ मध्ये मेटकाफ आणि बॉग्ज यांनी वर्णन केलेल्या ईथरनेटमध्ये टकरीनंतर पुन्हा पाठवण्याची हीच रीत होती. रुबी भाषेतल्या साइडकिक या रांग-व्यवस्थेत मूळ सेटिंगनुसार २५ प्रयत्न होतात आणि ते सुमारे तीन आठवडे चालतात. त्यानंतर काम वेगळ्या यादीत जाते आणि माणसाची वाट पाहते. ती यादी रोज कुणी उघडून पाहत नसेल, तर आधीची सगळी शिस्त वाया गेली.

यापुढचा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे: रांग असली की कितीही गर्दी पेलते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती अ‍ॅग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कॉलच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला, आणि त्यातून वाढलेल्या शास्त्राचा निष्कर्ष स्पष्ट आहे. कामे अनियमित येत असतील आणि काम करणारा एकच असेल, तर साध्या गणिती नमुन्यानुसार तो अर्धा वेळ व्यग्र असताना एकूण लागणारा वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो, ८० टक्के व्यग्र असताना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. शेवटच्या काही टक्क्यांची काटकसर वाट पाहण्याच्या रूपाने वसूल होते. येणारी कामे क्षमतेहून जास्त झाली तर पटही उरत नाही. सेकंदाला १०० कामे येताहेत आणि ९० उरकताहेत, तर तासाभरात ३६,००० तुंबतात. नंतर आवक ६० वर आली तरी सेकंदाला ३० या हिशेबाने तो ढीग उपसायला २० मिनिटे लागतात, आणि या काळात नव्याने आलेले कामही त्या ढिगामागेच उभे असते. रांग क्षणिक लोंढा पसरवून देते, कायमची तूट भरून काढत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पाठवलेला ओटीपी वीस मिनिटांनी पोचला तर न पोचल्यातच जमा. म्हणून तातडीची आणि सवडीची कामे वेगळ्या रांगांत ठेवावीत, मुदत उलटलेले काम करत न बसता टाकून द्यावे, आणि लक्ष रांगेतल्या कामांच्या संख्येपेक्षा सर्वांत जुने काम किती वेळ पडून आहे यावर ठेवावे. वापरकर्त्याला दिलेला शब्द किती शिळा झाला, हे त्या एका आकड्यात दिसते.

मग काय मागे टाकावे आणि काय समोरच करावे? ‘जे मंद ते मागे’ ही प्रचलित कसोटी चुकीची आहे. वापरकर्त्याचे पुढचे पाऊल ज्या निकालावर अवलंबून आहे, ते काम कितीही मंद असले तरी त्याला निकाल कळल्याशिवाय सोडता येत नाही. आसन मिळाले का, फी भरली गेली का, हे कळल्याखेरीज विद्यार्थी काय करणार? पावतीचा ईमेल दोन मिनिटांनी आला तर त्याचे काही अडत नाही. यावर कुणी म्हणेल, की पैशांचे व्यवहारही आज ‘पेंडिंग’ दाखवले जातातच की. जातात, आणि त्यासाठी काय लागते हे भारतातल्या यूपीआयवरून दिसते. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवले, की यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, तीही त्याच्या तक्रारीची वाट न पाहता. हो, नाही आणि ‘अजून ठरायचे आहे’ यांतले तिसरे उत्तर विश्वासार्ह ठरते, ते त्यामागे मुदत आणि दंड आहे म्हणून. वेबच्या मूळ नियमांतही हे तिसरे उत्तर १९९६ पासून आहे. २०२ हा संकेतांक ‘रिक्वेस्ट स्वीकारली, काम पुरे झालेले नाही’ असे सांगतो, आणि सध्याची स्थिती कुठे पाहता येईल हे सोबत कळवावे अशी अपेक्षा ठेवतो. ‘अर्ज यशस्वी’ आणि ‘अर्ज मिळाला, पावती थोड्या वेळात येईल’ ही दोन वाक्ये सारखी मानणारी साइट वेगवान नसते. ती फक्त न झालेल्या कामाला झाले म्हणते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे: दिवसाला दोनशे अर्ज येणाऱ्या संस्थेने एवढा पसारा का मांडावा? मांडू नये. पन्नास मिलिसेकंदांचे काम रांगेत टाकण्यात अर्थ नाही. रात्री एकदा काढायच्या अहवालाला युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून असलेला क्रॉन पुरतो. डेटाबेसमधले एक टेबल, त्यातून कामे उचलणारा एक वर्कर आणि तो बंद पडला तर पुन्हा सुरू करणारी यंत्रणा, एवढ्यावर बहुतेक लहान साइटचे भागते. पण लहान असण्याने पसारा कमी होतो, जबाबदारी होत नाही. दोनशेंतला ज्याचा अर्ज महाविद्यालयाच्या यादीत चढलाच नाही, त्याच्या दृष्टीने नुकसान पूर्ण आहे.

तेव्हा कोणतेही काम वापरकर्त्याच्या नजरेआड करण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात: प्रोसेस मेली तर हे काम कुठून परत उचलले जाईल, ते दोनदा झाले तर काय होईल, किती वेळात झाले नाही तर ते चुकले असे धरायचे, आणि चुकल्याचे कळणार कुणाला. चारही उत्तरे हाताशी असतील तर खुशाल मागे टाका. एखादे जरी नसेल, तर ते काम समोरच करा आणि वापरकर्त्याला दोन सेकंद थांबवा. त्या थांबण्यात निदान त्याला खरे उत्तर मिळते.